त्रेपन्न इंच

९ मार्च, दुपारी जेवण झाल्यावर

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, तिकडे तुम्ही तिघं ठीक असाल. वहिनीची कंबर काय म्हणते? चिमणी शाळेत रडत जाते की दुसऱ्यांना रडवते? तुझं कार्ड दरवर्षी येतं. त्यावर छापलेला मजकूर आणि खाली तुझी सही. सुतार माणूस तू, पण शब्दांचा भुसासुद्धा सांडू देत नाहीस. मी तरी अकरा वर्षांत कुठे दोन ओळींच्या वर लिहिलं म्हणा. आज मात्र लिहिणार आहे आणि तू शेवटपर्यंत वाचायचंस. मध्येच घडी घालून रंध्याखाली सरकवायचं नाही.

पहिली बातमी. तू शिकाऊ असताना केलेली आपल्या घराची चौकट मंगळवारी नगरपालिकेत जाऊन आली. भिंतीतून काढवली आणि बेकरीवाल्याच्या हातगाडीवर आडवी घातली. मी मागून चालत होते. रस्त्यात जो तो विचारत होता, ताई, घर मोडलंत की काय. मी म्हटलं, नाही, साक्षीदार घेऊन चाललेय.

आता पहिल्यापासून सांगते. दिवाळखोर विमा कंपन्यांनी रडगाणं गायलं म्हणून की काय, पण यंदा नवा नियम आलाय. ज्या घरात एकदा जरी चार फुटांवर पाणी चढलं, ते घर लाल पट्ट्यात. लाल पट्ट्यातल्या घराचा विमा कोणी उतरवायचा नाही, छपराचा पत्राही बदलायचा नाही, सहा महिन्यांत घर रिकामं करायचं. आणि पाणी किती चढलं हे ठरवलं कशावरून? तर अकरा वर्षांपूर्वीच्या पुरानंतर आपल्या गल्लीने भरलेल्या भरपाईच्या अर्जांवरून. बावीस घरांचे बावीस अर्ज. सगळ्यांत आकडा एकच, त्रेपन्न इंच. अक्षरही एकच. कोणाचं, ते तुला सांगायला नको.

तुला हेही सांगायला नको की आपलं घर गल्लीच्या तळाला, खाडीला खेटून, आणि तिथून गल्ली चढत जाते ती पार बेकरीपर्यंत. त्या दिवशी त्रेपन्न इंच पाणी होतं ते फक्त आपल्या दारात. शेजारच्या मास्तरांकडे कमरेला, मधल्या घरांत गुडघ्याला, आणि बेकरीच्या तर पायरीलाच शिवून परत गेलं. पण अर्जात भट्टीसुद्धा त्रेपन्न इंच बुडाली. पाव मात्र दुसऱ्या दिवशी गरमागरम मिळाले होते, ते वेगळं.

तर आपल्याच खोट्यात गल्ली सापडली. बावीसच्या बावीस दारांवर लाल नोटिसा. ज्यांनी माझा खरा आकडा उसना घेतला, तेच आता म्हणायला लागले, ताई, तुमच्यामुळे. म्हटलं वा रे वा, चोराच्या उलट्या बोंबा. पण बोलून झाल्यावर मास्तरांच्या दारावरची नोटीस दिसली. मास्तरांचं वय ऐंशी. ते सहा महिन्यांत जाणार कुठे?

वाट काढली ती मोजणीवाल्या मुलीने. तीन पायांची दुर्बीण घेऊन ती गल्ली मोजत होती, मी तिला चहा दिला. ती म्हणाली, पाणी सपाटच उभं राहतं, गल्ली चढते म्हणून ते काही सोबत चढत नाही. तळाच्या एका घरातली खरी रेघ मिळाली, तर वरच्या प्रत्येक घरात किती होतं ते मी गणिताने काढून देते. मी तिचा हात धरून तिला दारात आणलं. रंगाचे चार हात बसलेत चौकटीवर, पण कात्रीच्या टोकाने कोरलेली रेघ अजून बोटाला लागते.

तुला आठवतं ना, ती रेघ कशी काढली? पाणी चढायचं थांबलं होतं. मी शिवणाच्या टेबलावर उभी, तू छातीभर पाण्यात. मी टेप सोडली आणि तू नाक धरून बुडी मारलीस, खालचं टोक उंबऱ्याला दाबून धरायला. मी वर पाण्याची कड धरून रेघ मारली. घर वाहून चाललेलं आणि आपण दोघं माप घेतोय, जसं काही समुद्राला झबलं शिवायचंय. तू वर आलास, चूळ थुंकलीस आणि म्हणालास, "ताई, किती?"

नगरपालिकेतल्या सुनावणीच्या आदल्या दिवशी बेकरीवाला आला. गरम पाव घेऊन आला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मागणार. खाली मान घालून म्हणाला, "पाच इंच कमी सांगा, ताई, चार फुटांच्या वर नको. रेघ पुट्टीने बुजवा, खाली नवी मारा. गल्ली वाचेल आणि तुम्हीही वाचाल."

माणूस वाईट नाही रे तो. माझीच काळजी करत होता. आणि माझंही मन वळलं होतं, खोटं कशाला सांगू. पाव खाईपर्यंत वळलेलंच होतं. पण मोजणीवाली मुलगी बोलता बोलता सांगून गेली होती की खाडीकडची नवी भिंत त्याच रेघेइतकी उंच बांधणार आहेत. म्हणजे मी पाच इंच खाल्ले, तर भिंतही पाच इंच खुजी होणार आणि पुढचं मोठं पाणी तेवढ्यातून मास्तरांच्या पलंगाखाली येणार. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतेय. ढगळ झालं तर टाचता येतं, अपुरं पडलं की वाया. मी बेकरीवाल्याला नाही म्हणून सांगितलं आणि उरलेला पाव ठेवून घेतला.

सुनावणीला सगळी गल्ली होती. चष्मेवाल्या साहेबांनी चौकटीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, कापडी टेप ताणत नाही का? मी म्हटलं, ताणते, म्हणून मी दर सहा महिन्यांनी बदलते, आपल्या पँटचं माप घेणाऱ्याने बदललेली दिसत नाही. लोक हसले. साहेबही हसले, पण लगेच त्यांनी ते बावीस अर्ज माझ्यापुढे ठेवले. "हे अक्षर कोणाचं?"

धाकट्या, आता हेच लिहायचं होतं आणि इतका वेळ मी पाव आणि पँट सांगत बसलेय.

अकरा वर्षांपूर्वी हेच अर्ज हातात घेऊन मी तुला गल्लीत, सगळ्यांसमोर, खोटारडा म्हणाले होते. माझा खरा आकडा तू गल्लीभर विकलास म्हणाले. तू हत्यारांची पेटी उचललीस आणि गेलास. मी हाक मारली नाही. मला वाटायचं, माझं काय चुकलं? आकडा खोटा तो खोटाच.

पण गेला महिनाभर घरोघर फिरून विचारत होते, त्या दिवशी तुमचं काय काय गेलं. बेकरीवाल्याच्या घरात पाणी नव्हतं, पण त्याचं वर्षाचं पीठ तळाच्या सामायिक गोदामात होतं. मास्तरांची पुस्तकं तिथेच, मधल्या घरांची जाळी आणि होड्यांची इंजिनं तिथेच. गोदामाचा विमा नव्हता. विमा होता फक्त घरांचा. हे तुला तेव्हा ठाऊक होतं, म्हणून तू कागदावर घरं बुडवलीस, आणि मी विचारलंच नाही. मला माझे त्रेपन्न इंच पुरेसे होते.

म्हणून मी उभी राहिले आणि मोठ्याने सांगितलं, "अक्षर माझ्या भावाचं आहे. आकडा खोटा आहे, नुकसान खरं आहे. आणि ही रेघ खरी आहे, कारण खालचं टोक पाण्यात बुडून त्यानेच धरलं होतं."

मग बेकरीवाला उठला, म्हणाला, माझ्या अर्जातला आकडा माझ्या संमतीने लिहिलाय. मग मास्तर काठी टेकत उठले. मग एकेक करून सगळे. घाबरू नकोस, सुनावणीनंतर एका वकीलबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या की इतकी जुनी भरपाई आता कोणी परत मागू शकत नाही. पण उठले तेव्हा हे त्यांना माहीत नव्हतं, एवढं लक्षात ठेव. मला इतका अभिमान वाटला रे. गल्लीचा वाटला, तुझा वाटला, आणि कशाला लाजू, माझाही वाटला.

काल निकाल आला. मोजणीवाल्या मुलीचं गणित मान्य झालं. एकवीस घरं लाल पट्ट्यातून बाहेर. विमा पुन्हा सुरू, पत्रे बदलायला परवानगी. भिंत आपल्या रेघेइतकी उंच. गल्लीत कालपासून हातोड्यांचा आवाज चाललाय, कानाला फार बरा वाटतो.

एकवीस. तू हिशेबाचा पक्का, तुझ्या लक्षात आलंच असेल.

रडत बसलेय असं समजू नकोस. एकदा रडून झालं, तेही मशीन झाकून ठेवताना. भिंत झाली तरी लाल ते लाल, नियम तसा आहे, आणि मोजून दिलं ते मीच. ज्या रेघेने एकवीस घरं वाचली, तिने माझ्यासाठी पाच इंच आखडायचं म्हटलं असतं, तर मग ती कोणालाच वाचवू शकली नसती. नगरपालिका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खोली देतेय. चांगली आहे म्हणे. पण तू दोन वर्षांपूर्वी कार्डावर सहीखाली एक ओळ लिहिली होतीस, की कारखान्यामागे एक खोली रिकामी पडलीय. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. ती अजून रिकामी असेल आणि वहिनीची मनापासून हरकत नसेल, तर मी पावसाच्या आधी येते. माझं मशीन, एक ट्रंक आणि मी. कोणावर भार टाकणार नाही, तिकडेही माणसं कपडे घालतच असतील.

फक्त एक कर. त्या खोलीला नवी चौकट बसवू नकोस, मी आपली घेऊन येतेय. तू कोन चुकवला होतास म्हणून दार एकोणीस वर्षं अडत होतं, ते तू आता नीट करशील. रेघेला मात्र रंधा लावायचा नाही.

चिमणीचं माप पाठव, येताना फ्रॉक आणते.

मापात कधी न चुकलेली
आणि तुझ्या बाबतीत अकरा वर्षं चुकलेली,
तुझी ताई