न मागितलेली डोलकाठी

गिरगाव (रानाकडे परतताना मुक्काम), श्रावण वद्य प्रतिपदा, शके १८१६

तीर्थरूप बाबांस हरेश्वरचा वाकून नमस्कार.

हे पत्र धाडणार नाही. माझं पत्र आलं की मास्तर ते साऱ्या कोळीवाड्याला वाचून दाखवतात.

नव्या होडीसाठी साठवलेलं सगळं तुम्ही माझ्या डेहराडूनच्या जंगलशाळेवर घातलंत. पदरात काय पडलं? रेंजरचा खाकी कोट, आणि तुम्हाला एका चांगल्या हंगामात सुटतं त्याहूनही कमी पगार. तुम्ही मात्र अजून तडकलेली डोलकाठी दोरखंडाने आवळून दर्यात जाता.

काल नारळी पौर्णिमेला होडीत कुशाबाकाका सर्वांदेखत म्हणाले, "पोर सागाच्या रानाचा राखणदार, नि बापाला एक काठी आणवत नाय?"

तुम्ही सुकाणूवरचा हात न काढता म्हणालात, "झाडं सरकारची. पोर माझा."

बाबा, माझ्या रानात एक साग आहे, सरळसोट, अगदी आपल्या होडीच्या मापाचा. चोरून तोडणाऱ्याला पकडायचं, हीच माझी नोकरी. पण तुम्ही एकदा जरी मागितलं असतंत, तरी मी तो तोडला असता.

तुम्ही मागितलं नाहीत. तुमचे हे उपकार कसे फेडू?

तुमचाच,
हरेश्वर