पाठीमागची हाक

४ जानेवारी

ती. मामास,
भिंगरीचा सा. न. वि. वि. (बरगड्या ठणकतायत, वाकता येत नाही, तेव्हा साष्टांग कागदावरच समजून घे.)

परवा बास्केटबॉलमध्ये बँकेच्या संघाकडून आमचा कारखान्याचा संघ बावीस गुणांनी हरला. त्यांची दहा नंबरवाली शूटिंग गार्ड, जिच्याबद्दल मागे लिहिलं होतं, तिने एकटीने चौतीस गुण केले. तिला अडवायला मी होते. म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर.

दर वेळी तेच झालं. ती चेंडूला टप्पे देत समोर येते, मी तिच्यावर नजर ठेवून मागे सरकते, आणि त्यांची धिप्पाड सेंटर गुपचूप माझ्या वाटेत येऊन भिंतीसारखी उभी राहते. मी त्या भिंतीवर धाडकन आपटते, दहा नंबरवाली तिला घासून निघते आणि निवांत नेम धरते. मी सावरून धावले, तर भिंतच वळून बास्केटकडे पळते आणि चेंडू तिच्या हातात जातो. याला पिक अँड रोल म्हणतात हे तुला सांगायला नको, पण मामी तुझ्या खांद्यावरून पत्र वाचते हे मला ठाऊक आहे. तिच्यासाठी लिहिलं.

भिंत आली हे ओरडून सांगायचं काम आमच्या सेंटरचं, म्हणजे शिडीचं. ती मागे असते, तिला सगळं दिसतं. नुसतं डावी किंवा उजवी एवढं म्हणायचं. ती म्हणत नाही, मामा! सामन्यानंतर सरांनी विचारलं तेव्हा मी सगळ्यांसमोर तसं सांगून टाकलं. शिडी म्हणाली की ती प्रत्येक वेळी ओरडली. मग मी काय बहिरी आहे का, असं मी विचारलं. सगळ्या हसल्या, शिडी सोडून.

दहा फेब्रुवारीला यांच्याशीच परत गाठ आहे. हरलो तर वरच्या गटातून खाली, आणि मग सर माझ्या जागी कुणीतरी विशीची आणणार. मला सव्विसावं लागलंय. दिवसभर पॅकिंग खात्यात खोक्यांना पट्ट्या मारते ती संध्याकाळच्या दोन तासांसाठी. ते गेले तर नुसती खोकी उरतील. तू गार्ड होतास, काहीतरी सुचव.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, उत्तर लवकर आलं तर आणखी वाढेल.

तुझी,
भिंगरी


१० जानेवारी

चि. भिंगरीस,
मामाचे अ. उ. आ. मामीचेही, कारण ती खरंच मागे उभी आहे आणि तुझ्या टोमण्यावर खूश आहे.

छापखान्याच्या मशीनखात्याने माझे कान खाल्ले हे एका परीने बरंच झालं. फोन निरुपयोगी ठरला म्हणून घरात अजून पत्रं येतात. आता कामाचं बोलतो. नेम पक्का असणाऱ्या गार्डसमोर भिंतीच्या मागून वळसा घालायचा नाही. तेवढ्या अवधीत ती तीन गुण टाकून परत गेलेली असते. भिंत आणि ती यांच्या फटीतून जायचं, आधी पाय, मग खांदा. शिडीने मागे बास्केटजवळच थांबायचं. ती घाबरून पुढे धावत आली की वळून पळणारी त्यांची सेंटर मोकळी सुटलीच म्हणून समज. आणि एवढं बिनचूक करूनही दहा नंबरवाली पाचातले दोन आत घालणारच. ते मनाला लावून घ्यायचं नाही. अशा खेळाडूला कुणी थांबवत नाही, फार तर दमवतात.

पण हे सगळं त्या एका हाकेवर उभं आहे. ती अर्धा सेकंद आधी आली तर पाय फटीत पडतो, नाही आली तर काय होतं ते माझ्या खांद्याला विचार. आमचा सेंटर खांब तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा झालीही नव्हतीस. माझा जिवलग. आम्ही एका डब्यात जेवायचो. उपांत्य सामन्यात त्याने हाक दिली नाही. मी पूर्ण वेगात त्या भिंतीवर गेलो आणि गळपट्टीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात तो आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. एकोणतीस वर्षं झाली, मी त्याच्याशी बोललेलो नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

तेव्हा भीडभाड ठेवू नकोस. जिची हाक येत नाही तिच्या भरवशावर उभं राहायचं नाही. सरांना सांग आणि सेंटर बदलून घे.

बरगड्यांना शेक दे. आमचा जीव तुझ्यात आहे, तुझा आमच्यात असू दे.

तुझा,
मामा


१९ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू म्हणालास तसंच केलं. सरांनी शिडीला राखीवमध्ये टाकलं. त्याआधी तीन दिवस ते तिला सराव संपल्यावर रिकाम्या हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून अर्धा अर्धा तास ओरडायला लावत होते. डावी, उजवी, डावी, उजवी. आम्ही बूट सोडत बसलेल्या असायचो. तिसऱ्या दिवशी तिचा घसा बसला. मला तेव्हा मनातून बरं वाटलं होतं हेही लिहून टाकते.

नवी सेंटर आली, आणि मामा, तीही ओरडत नाही. मी सरांना तसं म्हणाले. बाकीच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

काल कारखान्याची वार्षिक तपासणी होती. यंदा पहिल्यांदाच कानही तपासले. एका बंद खोलीत कानाला यंत्र लावून बसवतात, आवाज आला की हात वर करायचा. मला वाटलं त्यांनी अजून सुरूच केलं नाही. बाहेर आले तर डॉक्टरीण बाईंनी कागद पुढे केला. त्यावरची रेघ जिन्यासारखी खाली गेली होती. हे दोनतीन वर्षं हळूहळू चाललंय, म्हणाल्या. समोरच्याचं तोंड दिसलं की मी ओठांवरून भागवते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. पाठीमागचं मात्र मला फारसं ऐकू येत नाही. यावर औषध नाही, ते वाढत जाणार. श्रवणयंत्र घालून घरात, कामावर निभेल. हॉलमधल्या गोंगाटात आणि धडकाधडकीत ते उपयोगाचं नाही.

हे बहुतेक वेळा घराण्यातून येतं, असं त्या म्हणाल्या, आणि आईकडे कुणाला आहे का ते विचारलं. मी तुझं सांगितलं, पण ते मशीनच्या आवाजाने झालं असंही सांगितलं. त्यांनी विचारलं की नक्की कधी सुरू झालं. ते तेवढं आठवून कळव.

आईला यातलं काही बोलू नकोस. मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सांगितलं की दहा तारखेला बाकावर बसावं लागेल आणि मग कायमचंच. मला फार भीती वाटते, मामा.

आहे तसाच जीव लावत राहा.

तुझी,
भिंगरी


२७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. रोज लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

मी मशीनखात्यात गेलो तो हाड मोडल्यानंतर. त्याआधी मी बांधणी खात्यात होतो. तिथे दहाबारा जण पुस्तकं शिवायचे. सुई पडली तरी कळावी इतकी शांतता. खांदा निकामी झाला, कागदाचे गठ्ठे उचलवेनात, म्हणून साहेबांनी मला मशीनवर बसवलं. म्हणजे मशीनने कान खाल्ले असतील तर ते नंतर. त्या सामन्याच्या वेळी मी रोज शांततेत काम करणारा अठ्ठावीस वर्षांचा माणूस होतो.

मग मी तुझ्या मामीला विचारलं. ती पाटीवर लिहून म्हणाली की लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ती स्वयंपाकघरातून हाका मारायची आणि मी ओ द्यायचो नाही. तिला वाटायचं, नवरे असेच असतात. आमचं लग्न त्या सामन्याच्या आधी वर्षभर झालं.

खांब ओरडला होता, भिंगरे. तो नेहमीच ओरडायचा. त्याचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा म्हणून आम्ही त्याची थट्टा करायचो, हे मला आज आठवतंय. आणि मी तुला लिहिलं की सेंटर बदल. तुझ्या हातून त्या पोरीचं जे झालं ते माझ्या सांगण्यावरून झालं.

मी परवा खांबाकडे जातो. पत्ता काढला आहे. तू सरांना आणि त्या मुलीला सांग. बाकावर बसावं लागलं तरी सांग. माझ्यासारखा उशीर करू नकोस.

या म्हाताऱ्यावर राग धरलास तरी चालेल, पत्र लिहिणं तेवढं सोडू नकोस.

तुझा,
मामा


३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

जाऊन आलो. खांब मुलीकडे राहतो, तिसऱ्या मजल्यावर. दार त्यानेच उघडलं. पार वाकलाय, आता चौकटीला डोकं लागत नाही. मला ओळखलं आणि तिथेच उभा राहिला. मी कानाला हात लावून खूण केली, तेव्हा त्याच्या मुलीने जुन्या कॅलेंडरची पानं आणि पेन आणून दिलं.

मी लिहिण्याआधी त्याने पेन घेतलं. त्याने लिहिलं की त्या दिवशी हाक द्यायची त्याच्याकडून राहून गेली, त्याची माफी मागायला यावं असं कितीदा वाटलं, पण पायरी चढायची हिंमत झाली नाही.

मी लिहिलं की तू हाक दिली होतीस, माझे कान तेव्हाच गेले होते. त्याने वाचलं आणि हसला. मी बांधणी खात्याचं लिहिलं, मामीचं लिहिलं, तुझ्या डॉक्टरीण बाईंचं लिहिलं. दोन महिने भरले, कॅलेंडरचे. त्याने सगळं शांतपणे वाचलं आणि खाली लिहिलं की तू पहिल्यापासून मोठ्या मनाचा, माझं ओझं उतरवायला इतक्या लांब आलास. त्याला पटलंच नाही. तो ओरडला होता हे त्याला आठवतच नाही. मी ओरडलो नाही, एवढंच त्याला आठवतं, कारण संघातले सगळे आणि माझा अबोला त्याला तेवढंच सांगत आले.

निघताना मुलगी खालपर्यंत आली. कागदावर लिहून म्हणाली की बाबांनी त्याच वर्षी खेळ सोडला. नातवंडांना घेऊन रस्ता ओलांडताना ते गाडी आली, गाडी आली असं चारचार वेळा ओरडतात, आणि वर प्रत्येकाचा दंड घट्ट धरून ठेवतात. पोरं वैतागतात.

मी बसथांब्यावर बराच वेळ बसून होतो. मला रडू आलं, ते इथे लिहायला लाज वाटत नाही. तू सांगितलंस का?

मामीचा आणि माझा जीव तुझ्याकडे लागला आहे.

तुझा,
मामा


१२ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. पाच तारखेला सगळ्यांसमोर, जसं त्या दिवशी बोलले होते तसंच मोठ्याने. डॉक्टरीण बाईंचा कागद सरांच्या हातात दिला. मी शिडीसमोर उभी राहून म्हणाले की चूक माझी होती, तू ओरडत होतीस. तिने मला मिठी मारली. सरांनी तिला परत संघात घेतलं आणि माझी जर्सी विशीच्या पोरीला दिली. मला वाटलं, माझं गेलं ते गेलं, निदान तिचं तरी वाचलं.

परवा सामना झाला. मी बाकावर, पाणी आणि टॉवेल सांभाळत. दहा नंबरवाली काय खेळते, मामा! जवळून खेळताना कळत नव्हतं. आमच्या पोरीने सगळं बरोबर केलं. शिडीचं तोंड उघडलं की पाय फटीत, खांदा फटीत, हात दहा नंबरवालीच्या तोंडासमोर. तरीही चेंडू आत. पाचातले दोन म्हणाला होतास, तिने चार घातले.

पण आम्ही नुसत्या तिच्यामुळे हरलो नाही. शिडी ओरडत होती, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या मला बाकावरून दिसत होत्या. आणि ओरडून झाल्यावर ती जागेवर थांबत नव्हती. प्रत्येक वेळी पुढे धावत यायची आणि आमच्या गार्डच्या पाठीवर हात ठेवायची. हाक पोचलीच नसेल तर, म्हणून. तेवढ्यात मागे त्यांची सेंटर मोकळी. एकदा नाही, नऊदा. मध्यंतरात सरांनी तिचे दोन्ही खांदे धरून सांगितलं की आवाज पोचतोय, मागे थांब. गार्डनेही सांगितलं की ऐकू येतंय. शिडीने मान डोलावली, आणि पहिल्याच वेळी परत पुढे धावली.

सव्वीस गुणांनी हरलो. आम्ही खालच्या गटात गेलो. दहा नंबरवालीने एक्केचाळीस केले.

हॉल रिकामा झाल्यावर शिडी माझ्यासमोर येऊन बसली. मला ओठ दिसावेत म्हणून सावकाश बोलली. तिने विचारलं की आज तरी माझा आवाज तुझ्यापर्यंत येत होता ना. बाकी कुणाला विचारलं नाही, मलाच विचारलं. मी हो म्हणाले, अगदी स्पष्ट येत होता म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसून बॅग उचलली.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं, मामा, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

मामीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस. उत्तर लिही, आपल्या दोघांना आता तेवढंच पोचतं.

तुझी,
भिंगरी