कासिल्दाच्या छपरातले माहा

३ मार्च १९३८
हवानाहून बोट, पुढे खेचर, आणि एकदाचा बाराकोआच्या डोंगरातल्या या शाळेवर रुजू झालो. स्वागताला ताडाच्या पानात बांधलेली खोबऱ्याची मिठाई! इतकी गोड, की गावाच्या किडक्या दातांचं कोडं उलगडलं. मुक्काम कासिल्दा नावाच्या विधवेकडे. खाट पक्की, खिडकीतून समुद्र. कॉफी हवानापेक्षा सरस, पण हे तिला सांगणार नाही.

५ मार्च
छपराच्या झावळ्यांत करंगळीएवढे साप आहेत. अजगराच्या जातीतले म्हणे! गाव त्यांना माहा म्हणतं. एकाला काठीने डिवचलं, तर त्याने अंगाचा गोळा केला आणि डोळ्यांतून, तोंडातून रक्त गाळू लागला. मला हसू आवरेना. कासिल्दा म्हणाली, “मास्तर, भितंय हो ते. विष नाही त्याला. बेडूक खाऊन जगतं बिचारं.” इथले सापही इथल्या माणसांसारखेच रडके, असं मी सुनावलं.

८ मार्च
घराची डागडुजी करायच्या आधी गावकरी माहाची परवानगी घेतात, हे पोरांकडून कळलं. शाळेला सुट्टी दिली, सगळ्यांना कासिल्दाच्या अंगणात उभं केलं आणि सात माहा झोडपून मारले. आभाळ कोसळलं नाही. एकाचं रक्त डोळ्यात उडालं तेवढंच. कासिल्दा ओरडली नाही. “तुमचं काय खाल्लं होतं त्यांनी?” एवढंच विचारलं आणि झग्याच्या टोकाने पायरीवरचं रक्त पुसलं. अडाणी बाई.

१० मार्च
उशीवर रक्त. डोळे आले असणार. शेजारचा नेमेसिओ उंबऱ्यावरच पाव ठेवून पळाला. मूर्ख.

११ मार्च
अक्षरं धूसर. डॉक्टर बोटीने दोन दिवसांवर. कासिल्दा पाल्याच्या पाण्याने डोळे धुते. रागावत नाही, याचाच संताप येतो.

१३ मार्च
काही दिसत नाही. सकाळ आहे, ऊन गालावर कळतं. ओळ वाकडी जाऊ नये म्हणून कासिल्दाने माझं मनगट धरलंय. हात गार आहे तिचा. चुकलो, म्हटलं तिला. आज पहिल्यांदा आई म्हटलं. बोलली नाही.

आत्ता अंगणातून आवाज— तिचाच. नेमेसिओशी बोलतेय. मग मला हाक: “मास्तर, कॉफी आणते हं!”

मनगट अजून धरलेलं—

मनगटावरची बोटं चाचपली. एकच आहे. लांब. संपतच ना—