पन्नास वर्षांपूर्वीची ताजी बातमी

३ ऑक्टोबर, गुरुवार

व्हर्लिन आज बंब घेऊन गेला आणि पोचला कुठे — किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये! पूर्वी तिथे लोण्याचा कारखाना होता. होता! एक बाई गाडीत पिशव्या ठेवत होती, तिनं विचारलं म्हणे, "काय हरवलंय का तुमचं?"

व्हर्लिन आमच्या गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख. हेल्मेट काखोटीला मारून तो तडक माझ्या ऑफिसात आला आणि फोन माझ्या नाकाशी धरला. 'होमटाउन' ॲपवर ठळक अक्षरांत: 'टॉरविकच्या लोणी कारखान्यात भीषण आग.' खाली बारीक अक्षरांत — सौजन्य, टॉरविक हेरल्ड. माझं साप्ताहिक, म्हणजे मीच!

आजच्या अंकातलं माझं 'पन्नास वर्षांपूर्वी' हे सदर. त्यात ही आग आहे. सदराच्या डोक्यावर तसं चांगलं ठसठशीत छापलंय. जगाची सगळी अक्कल खिशात घेऊन फिरणाऱ्या कंपनीच्या यंत्राला नेमकं तेवढंच दिसलं नाही.

"अरे, कारखाना पाडला तेव्हा तू स्वतः तिथे उभा होतास की!" मी म्हटलं.

"होतो गं मार्लिस. पण फोनवर आलं होतं ना!"

५ ऑक्टोबर

छापखान्याचा फोन. पुढच्या वर्षी हेरल्ड काढणार की नाही, ते महिनाअखेर सांगा.

होमटाउन आल्यापासून लोक अंक घेईनासे झालेत. त्यांना तरी काय बोलणार? माझ्याच बातम्या, चार ओळींत, फुकट. गावसभेत कडक खुर्चीवर बसून गटाराचं भांडण ऐकायचं मी, आणि त्याचा अर्क काढून वाटायचा त्यांनी. आयत्या बिळावर नागोबा!

बहीण ॲरिझोनातून रोज सांगते, "बंद कर ते आणि इकडे ये. उन्हात बसू." ऊन मला मानवत नाही. पण न वाचला जाणारा पेपर काढणंही मानवत नाही. बाबांनी आयुष्यभर चालवला, माझ्या हातून बंद पडावा असं वाटत नाही. रडू आलं थोडं. मग गटाराची बातमी पुरी केली.

१० ऑक्टोबर, गुरुवार

हॅरिएटचं लग्न ठरलं! ड्वेनशी! ठरलं होतं पन्नास वर्षांपूर्वी, माझ्या सदरात होतं, ॲपनं आज जाहीर केलं. मधे त्यांचा घटस्फोट होऊनही जमाना लोटला. हॅरिएट कोपऱ्यावरचं कॅफे चालवते. सकाळपासून तिथे अभिनंदनाची रीघ.

"एकदा केला तो गाढवपणा पुरे नव्हता का?" माझ्यावरच ओरडली. कॉफी मात्र ओतली.

त्यात खुद्द ड्वेनचा फोन. बिचारा म्हणाला, "मला कुणी कळवलं कसं नाही?"

हॅरिएट हसायला लागली ती थांबेचना. बऱ्याच वर्षांनी तिला त्याच्याशी हसून बोलताना पाहिलं.

११ ऑक्टोबर

कंपनीकडे तक्रार करायला बसले. माणूस कुठेच नाही. 'ग्रेस' नावाचं यंत्र आहे, फार गोड बोलतं.

मी: बातमी चुकीची आहे.
ग्रेस: तुमचा त्रास मी समजू शकते! ही बातमी अत्यंत विश्वासार्ह स्थानिक वृत्तपत्रातून घेतली आहे.
मी: ते वृत्तपत्र माझं आहे.
ग्रेस: किती छान! दुरुस्तीसाठी कृपया संपादकांशी संपर्क साधा.

आणि खाली माझाच नंबर! चिडून लावून पाहिला. एंगेज लागला.

१४ ऑक्टोबर

ग्रेस विचारते, आमच्या सेवेवर किती खूश आहात? पर्याय दोनच: 'खूप' आणि 'नंतर सांगते'.

१६ ऑक्टोबर

उद्याच्या सदरासाठी जुने अंक चाळत होते. १९७४. एक छोटी चौकट सापडली — 'शनिवारी १९ तारखेला संध्याकाळी पाच वाजता अग्निशमन हॉलमध्ये पॅनकेकची पंगत. सर्वांना मोफत. जरूर या.' यंदाही एकोणीस तारखेला शनिवारच!

ॲप हेही ताजं म्हणून वाटणार, म्हणून आधी बाजूला ठेवलं. मग म्हटलं, मी काय खोटं छापतेय? पंगत झाली होतीच. बाबांबरोबर मीही गेले होते.

छापलं. वर 'पन्नास वर्षांपूर्वी' नेहमीसारखंच, उलट एक माप मोठ्या टायपात. आता तरी वाचा म्हणावं!

१७ ऑक्टोबर, गुरुवार

नाही वाचलं. 'येत्या शनिवारी मोफत पॅनकेक!' — शेजारी हसरं तोंड. व्हर्लिनला सांगावं का? आगीच्या दिवशी चिडून त्यानं ते ॲप काढून टाकलंय, म्हणजे त्याला पत्ताच नाही. नाही सांगितलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पाचाच्या आधीच व्हर्लिनचा फोन. "मार्लिस! हॉलसमोर रांग लागलीये. लोक काटे-चमचे घेऊन आलेत!"

धावत गेले. त्याला सगळं सांगितलं. वाटलं, आता हा मला पाण्याच्या नळीनं धुऊन काढणार. त्यानं रांगेकडे पाहिलं, डोकं खाजवलं, म्हणाला, "आमच्या हॉलवर बोलावलंय ना? मग उपाशी कसं पाठवायचं?" आणि मोठा तवा काढायला आत गेला.

हॅरिएटनं कॅफेतलं पीठ आणि अंडी आणली. पाद्रीबाबांनी चर्चची टेबलं दिली. कुणी सरबराई सुरू केली, कुणी मुलांना बंबावर चढवलं. गंमत म्हणजे निम्म्या लोकांना माहीत होतं की बातमी जुनी आहे! मग आलात कशाला? तर म्हणे, बोलावणं आल्यावर न जाणं बरं दिसत नाही. हे आमचं मिनेसोटा!

शेवटी ताटात एकच पॅनकेक उरला. तो कोण घेणार? कुणीच नाही. एकानं अर्धा कापून घेतला, दुसऱ्यानं अर्ध्यातला अर्धा, तिसऱ्यानं त्यातलाही. नखाएवढा तुकडा उरला तरी सगळे एकमेकांना "घ्या ना, घ्या ना" करत होते. ड्वेन तासभर गाडी हाकत आला होता. त्यानं तो तुकडा उचलला. हॅरिएट म्हणाली, "हा पहिल्यापासून असाच हावरट!" पण त्याच्या शेजारची खुर्ची तिनं सोडली नाही.

गावात नवीनच राहायला आलेली एक तरुण आई माझ्याजवळ आली. रोझाल्बा तिचं नाव, टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात काम करते. "इथे आल्यापासून आज पहिल्यांदा कुणाशी बोलले," म्हणाली. "तुमचा पेपर घरी कसा मागवायचा? फोन आजची बातमी खोटी देतो. तुम्ही पन्नास वर्षांपूर्वीची तरी खरी देता."

तिनं कागदी ताटलीच्या मागे पत्ता लिहून दिला. मागे उभ्या असलेल्यांनीही ताटल्या पुढे केल्या. घरी आले ती चिकट, पाकानं माखलेली चळत छातीशी धरून. कोटाचं वाटोळं झालंय. झालं तर झालं!

२६ ऑक्टोबर

छापखान्याला अजून 'हो' म्हटलेलं नाही. ताटल्या धुता येत नाहीत, नुसत्या बघते. आज उत्साह आहे. पण ॲप फुकट आहे आणि हिवाळा लांब आहे. ख्रिसमसपर्यंत लोक पॅनकेक विसरतील. व्हर्लिनला विचारलं, पेपर कसा वाटतो? "वाईट नाही," म्हणाला. आमच्याकडे याच्यापुढे कौतुक नसतं. त्याच्या बायकोलाही तो एवढंच म्हणतो.

तरी भीती वाटते. ती कंपनी आभाळाएवढी, मी एकटी म्हातारी.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी कंपनीची मेल. 'होमटाउन सेवा आजपासून बंद करत आहोत. या सुंदर प्रवासात साथ दिल्याबद्दल आभार!' दीड वर्ष, आणि कंटाळले!

छापखान्याला 'हो' कळवलं. गुरुवारच्या अंकात मृत्युवार्तांच्या पानावर होमटाउनसाठी जागा ठेवलीये. आमच्याकडे मृत्युवार्ता फुकट छापतात, मयत गावचा नसला तरी.