काटा जरा डावीकडे

४ जून

तालमीनंतर बँडमास्तरांनी थांबवून घेतलं. म्हणाले, तुमच्या टोनबद्दल आणि सुराबद्दल आता बाहेरच्या कुणाचं तरी मत घ्या, माझं सांगून झालंय. चेहरा अगदी उतरला होता त्यांचा. शिष्य एका मर्यादेपलीकडे गेला की गुरूची अशी अवस्था होत असावी. वाईट वाटलं.

कार्यक्रम २० जुलैला. शेवटच्या तुकड्याच्या अखेरीस सगळा बँड थांबतो आणि बास ट्रॉम्बोन, म्हणजे मी, एकटाच एक खालचा, लांब सूर धरतो. अख्ख्या कार्यक्रमात माझं म्हणून एवढंच. बाकीचा वेळ मी मात्रा मोजत बसतो. तर बँडमास्तर म्हणाले, १५ जुलैपर्यंत तो सूर जागेवर आला नाही तर ट्युबाला देणार. ट्युबावाला शेजारीच वाद्यातलं पाणी काढत होता. आपण ऐकतच नाही असा आव आणून.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी लांब सुरांचा सराव. शिवाय चार जाणकारांचा फीडबॅक.

५ जून

सराव झाला नाही. संकल्प काल संध्याकाळी केला, शरीराला पुरेशी पूर्वसूचना मिळाली नाही. ट्रॉम्बोनच्या स्लाइडला, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या नळीला, तेल दिलं. हाही सरावच.

७ जून

बायकोचा फीडबॅक घेतला. ती औषधांच्या दुकानातून दिवसभर उभी राहून आली होती, पाय कोमट पाण्यात सोडून बसली होती. हीच वेळ योग्य, कारण माणूस जागेवरून हलू शकत नाही. लांब सूर वाजवला. टोन कसा वाटला, विचारलं. म्हणाली, फडताळातली झाकणं वाजतात. सुराचं विचारलं. म्हणाली, झाकणं सुरात वाजतात.

नोंद: घुमारा उत्तम. सुराबद्दल प्रतिक्रिया संमिश्र.

नंतर म्हणाली, अहो, मी दुकानात असते तेव्हा वाजवत जा ना. म्हणजे आपण नसतानाही घरात संगीत असावं असं तिला वाटतं. एवढ्या वर्षांत तोंडाने कधी बोलली नव्हती.

१० जून

फोनवर ट्यूनर घेतला. सूर बरोबर असेल तर काटा मधोमध उभा राहतो, उतरला तर डावीकडे कलतो. माझा काटा डावीकडे. परत वाजवलं, परत डावीकडे. दहा वेळा वाजवलं तरी तिथेच.

आता काट्यांबद्दल मला कुणी शिकवू नये. वजनमापे खात्यात माझं आयुष्य गेलं. दुकानदारांचे तराजू तपासणे आणि शिक्का मारणे, दुसरं केलंय काय. काटा इकडेतिकडे नाचला तर दोष वापरणाऱ्याचा असू शकतो. पण जो काटा सारखा एकाच बाजूला उभा राहतो, तो मुळातच बिघडलेला असतो. त्यातून हे फुकटचं अ‍ॅप.

१२ जून

फोन ऑफिसच्या प्रयोगशाळेत नेला. तिथल्या बाईंनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठरावीक सुराचा प्रमाण चिमटा, वाजवून ट्यूनर तपासला. काटा मधोमध, अगदी शिपायासारखा ताठ. बाईंनी नेहमीच्या सवयीने चिठ्ठीवर लिहून दिलं, दोष आढळला नाही.

पण प्रयोगशाळेत एसी आहे. माझ्या घरी नाही. उकाड्यात कुठलं यंत्र खरं बोलतं? आणखी दोन अ‍ॅप घेतली. तीही डावीकडेच दाखवतात. तिन्ही एकाच कंपनीने बनवलेली दिसतात.

दिवसभर वीस-वीस किलोची प्रमाण वजनं उतरवून-चढवून पाठीचे बारा वाजलेत. सराव उद्या.

१५ जून

इंटरनेटवर ट्रॉम्बोनवाल्यांचा एक ग्रुप आहे, जगभरातले लोक. माझं रेकॉर्डिंग टाकलं आणि लिहिलं, टोन आणि सूर याबद्दल स्पष्ट मत द्यावे, राग मानणार नाही.

स्वतः रेकॉर्डिंग ऐकलं नाही. आपला आवाज आपल्याला कधीच खरा वाटत नाही, उगाच मन खट्टू होतं.

१६ जून

तीन उत्तरं आली. एकाने विचारलं, जहाज बंदरात येतंय का. (विनोदी मनुष्य. पण जहाजाचा भोंगा म्हणजे ताकद, हे त्याने मान्य केलं.) दुसरा म्हणाला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. तिसऱ्याने सविस्तर लिहिलं होतं: तुम्ही प्रत्येक सुरावर खालून चढता, जागेवर पोचायच्या आत दम संपतो, आणि तुम्ही स्वतःचं ऐकत नाही.

राग मानला नाही. त्याला फक्त उत्तर लिहिलं. त्यात आमच्याकडची हवा, माझी पाठ, माउथपीसचं माप आणि त्याच्या मुद्द्यांतली विसंगती एवढंच होतं. लिहिताना जेवण गार झालं. नंतर कुणीच काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना पटलं.

२० जून

खरा रसिक घरातच आहे, हे मी विसरलो होतो. सासरे.

मार्चपासून ते आमच्याकडे आहेत. निवृत्त भूगोलाचे मास्तर. ऐकू जवळजवळ येत नाही. बायको बोलते ते ओठांवरून ओळखतात, तिने पाठ फिरवली की संपलं. माझं वाद्य त्यांच्याच खोलीत असतं, त्यामुळे सरावाला ते असतातच. खुर्ची लाकडी कपाटाजवळ ओढतात, कपाटावर तळवा टेकवतात आणि डोळे मिटतात. संपलं की म्हणतात, वा जावईबापू, छान. आणि हे तोंडदेखलं नाही, कारण अधेमध्ये त्यांचा पायही हलतो.

ज्यांना नीट ऐकू येतं ते लोक फार पूर्वग्रहाने ऐकतात, हे या महिन्यात माझ्या लक्षात आलं आहे.

२४ जून

आज एका किराणा दुकानात तराजू पकडला. प्रत्येक मापाला काटा पुढे. दुकानदार म्हणाला, साहेब, उकाड्याने होतं. मग म्हणाला, टेबल तिरकं आहे. मग म्हणाला, तुमचंच वजन झिजलं असेल. शेवटी म्हणाला, गिऱ्हाइकांना सवय झालीये, कुणी तक्रार करत नाही. त्याला स्वच्छ सांगितलं, गिऱ्हाइकाला सवय झाली म्हणून तराजू बरोबर होत नाही. शिक्का दिला नाही. काय एकेक कारणं शोधून काढतात लोक!

समाधानाने घरी आलो. वाजवलं. काटा डावीकडे. आज उकाडा फारच होता.

२९ जून

आनंदाची बातमी. कानाचं मशीन घ्या म्हणून बायको किती वर्षं सासऱ्यांच्या मागे लागली होती. ते ऐकत नव्हते. (म्हणजे दोन्ही अर्थांनी नव्हे, हट्टाने.) आज त्यांनी आपणहून मागितलं! बायकोने कारण विचारलं तर म्हणाले, अगं, जावईबापूंचं वाजवणं मला वाकडंतिकडं ऐकू येतं हल्ली, कान फारच बिघडलेले दिसतात, आण बाई ते मशीन.

हे सांगताना बायको भांडी घासत होती. तोंड नळाकडे होतं. खांदे हलत होते. तिलाही भरून आलं असणार.

माझ्या वाजवण्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाने हट्ट सोडला. बँडमास्तरांना सांगायला हवं.

३ जुलै

तालीम. संपल्यावर ट्युबावाल्याने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, तुमचा सूर शेवटाकडे उतरतो, श्वास कमी पडतो, हवं तर मी घरी येतो, दोघं मिळून बघू. अगदी गोड आवाजात. असल्या गोडव्याला मी भुलत नाही. त्याला सूर हवाय. सध्या घरी पाहुणे आहेत म्हणून सांगितलं. सासरे तसे पाहुणेच.

९ जुलै

मशीन आलं. बायकोने स्वतः सासऱ्यांच्या कानात बसवलं. आधी त्यांना नळाचं ठिबकणं ऐकू आलं, मग वर्तमानपत्राची घडी. वर्तमानपत्र एवढं वाजतं होय, म्हणाले. मग बायको त्यांच्या पाठीमागे उभी राहून हळूच म्हणाली, बाबा. ते वळले आणि एकदम रडायलाच लागले. तुझा आवाज तुझ्या आईसारखा झालाय, मला माहीतच नव्हतं, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. बायकोही रडली. मी खिडकी बंद करायला गेलो. खिडकी बंदच होती.

अशा वेळी ट्रॉम्बोन काढणं बरं दिसलं नसतं.

१० जुलै

सासरे मशीन लावून कपाटाजवळ तयार बसले. पण मशीनवाला म्हणाला होता, सुरुवातीला मोठे आवाज टाळा. नियम म्हणजे नियम. मीच त्यांना मशीन काढायला लावलं आणि मग वाजवलं. वा, छान, म्हणाले. घाई कशाला? कार्यक्रमातच ऐकवू.

१५ जुलै

बँडमास्तरांनी सूर मागितला. दिला. पुन्हा मागितला. पुन्हा दिला. मग त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि ट्युबाकडे बोट केलं. ट्युबावाल्याने धरला. हॉलमध्ये कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही.

बँडमास्तर मला म्हणाले, तुम्ही वाद्य ओठांशी धरून ठेवा, रांग दिसायला बरी दिसते.

दिसण्याची बाजू माझ्याकडे आली. तीही कुणीतरी सांभाळावीच लागते. थकलो आहे. घरी काही बोललो नाही, बायकोने आणि सासऱ्यांनी दुसऱ्या रांगेतल्या जागा कधीच्या राखून ठेवल्यात.

२० जुलै

कार्यक्रम झाला. शेवटचा सूर आला तेव्हा मी वाद्य उंच धरलं, गाल फुगवले, डोळे मिटले. सूर लागला. मला तो छातीत जाणवला. क्षणभर वाटलं, मीच.

बाहेर सासरे माझा हात धरूनच उभे राहिले. म्हणाले, जावईबापू, शेवटचा तो सूर! काय लावलात! यासाठी मशीन घेतलं, सार्थक झालं. बायको नुसती बघत राहिली माझ्याकडे. लग्नाच्या सुरुवातीला बघायची तशी. पदक दिलं असतं तरी एवढं वाटलं नसतं.

मी म्हणालो, छे, त्यात काय. हे वाक्य शब्दशः पाहिलं तर खोटं नाही.

२१ जुलै

ओठ दुखतात. वाजवणार नाही.

२२ जुलै

आज सासरे मशीन लावूनच बसले. म्हणाले, तो परवाचा सूर ऐकवा. मोठ्या आवाजाचा नियम काढला, तर म्हणाले, परवा हॉलमध्ये चाललं की. ओठ काढले, पाठ काढली, तेलाची बाटली संपल्याचं काढलं. तेवढ्यात बायको गॅस बंद करून आली, ओले हात पुसत पलंगाच्या कडेला बसली. आपणहून. माझं ऐकायला. मग काय बोलणार?

वाजवला.

सासऱ्यांनी डोळे उघडले. मशीन काढलं, फुंकर मारली, परत बसवलं. पुन्हा एकदा, म्हणाले. पुन्हा वाजवला. मग त्यांनी मशीन काढून माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाले, घरात नीट चालत नाही हे, सूर वाकडा दाखवतंय, दुकानात परत देऊन टाकू. नाहीतर असं करा जावईबापू, आधी तुम्हीच तपासा. तुमचं कामच ते. तुम्ही सांगाल ते खरं.

अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान यंत्र. बायको सांगत असूनही एवढी वर्षं न घेणाऱ्या माणसाने माझ्यासाठी घेतलेलं. मी बिघडलंय म्हणालो असतो तर त्यांनी आजच परत दिलं असतं. आणि उद्यापासून बायकोने पाठ फिरवली की पुन्हा संपलं.

तपासणीची आमची पद्धत साधी असते. ज्याचं वजन ठाऊक आहे ते तराजूवर ठेवायचं. मशीन परत त्यांच्या कानात बसवलं, बायकोला स्वयंपाकघरात पाठवलं आणि तिकडून हळू आवाजात काहीतरी बोलायला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मशीन परत देऊ नका हं. सासरे इथून म्हणाले, बरं बाई, नाही देत.

मी म्हणालो, मशीन बरोबर आहे.

सासरे म्हणाले, मग परवाचा सूर? मी म्हणालो, तो ट्युबा. बायको दारात येऊन उभी होती, तिने ऐकलं. आत जाऊन गॅस पेटवला, आणि थोड्या वेळाने चहाचा कप माझ्याजवळ आणून ठेवला. साखर बरोबर होती. फार लाज वाटली.

सासऱ्यांनी मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी बंद केली. खुर्ची कपाटाजवळ ओढली, तळवा टेकवला, डोळे मिटले. चालू द्या, म्हणाले, इथून छान येतं.

वाजवलं. फोन समोर होता. काटा डावीकडे. दोष आढळला नाही.