फणसाखालच्या घराचा माणूस

कट्टा,
८ मार्च, रविवार

चि. अक्षया हीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे, मांजरीला पिल्लं झाली, आंब्याला मोहोर चांगला धरलाय. हे पत्र शेजारची शर्मिला फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवील. अक्षर तिसरीपर्यंतचं आहे, सांभाळून घे. फोनवर बोलता येतं, पण फोनवर तू घाईत असतेस आणि मी ओरडते.

आधी आनंदाची गोष्ट. तू डेलिगेट झालीस! मी अख्ख्या वाडीत सांगितलं. शर्मिला मालवणात हॉटेलच्या काउंटरवर बसते, तिचं इंग्रजी चांगलं, तिने मला सगळं समजावलं. तुमच्याकडे म्हणे आधी वस्तीवस्तीची सभा भरते, तिला कॉकस म्हणतात. शाळेच्या खोलीत बसायचं, आपला उमेदवार कोण ते उघड सांगायचं आणि वरच्या सभेला आपली माणसं पाठवायची. त्या पाठवलेल्या माणसाला डेलिगेट म्हणायचं. मी म्हटलं, अगो, हा तर आपला मांड! शिमग्याला आपला गाव जमतो त्या मांडावरसुद्धा घरटी एक माणूस जातोच की.

बाळा गावकर ऐकत होता. तो कसा आहे तुला माहीत आहे. म्हणाला, "किती माणसां इली हुती थंय?" शर्मिला म्हणाली, अकरा. झालं. "अकरा? मगे तुझ्या नातीक निवडल्यानी कोणी, खुर्च्यांनी?" मी म्हटलं, "बर्फ पडत होता रे मेल्या. तू हंय जरा गार वारा सुटलो तर कानटोपी घालून बसतंस."

तुमच्या टीव्हीवरची बातमी शर्मिलाने मोबाईलवर दाखवली. तो कोटवाला माणूस रिकाम्या खुर्च्याच दाखवत होता. लोक आले नाहीत, लोक आले नाहीत, एवढंच. जे आले त्यांना विचार ना मेल्या, का आलात म्हणून! मागे तू पाठमोरी उभी होतीस, हिरव्या स्वेटरात. शर्मिलाला ओळखता आली नाहीस. मी ओळखलं. तू उभी राहिलीस की एक पाय दुसऱ्या पायावर ठेवतेस, तुझे आजोबा ठेवायचे तसा. मी ती बातमी परत परत लावायला सांगितली. शेवटी ती म्हणाली, "आजी, बॅटरी संपली."

तुमची ती वरची सभा नेमकी शिमग्यात आली, म्हणून तुला येता आलं नाही. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तुमच्या त्या मास्तरीणबाईंना निवडून आणायचं तर तू तिथेच हवीस. मी काही तयारी केलीच नव्हती. खाटेवर मांजर पिल्लं घेऊन झोपते, तिला उठवावं लागलं असतं.

आता इकडची बातमी. मांडावर बाळा एकेका घराचं नाव हाकारतो आणि त्या घराचा माणूस "आसंय", म्हणजे मी आहे, असं म्हणतो, हे तू लहानपणी पाहिलंयस. तू आजोबांच्या खांद्यावर बसून सगळ्या घरांना आसंय, आसंय म्हणायचीस. आजोबा गेल्यापासून आपल्या घरातून कोणी गेलं नाही. बाईमाणूस जात नाही, आणि तुझा बाबा तिकडे. तीन शिमगे ज्या घराचं उत्तर येत नाही, त्याचं नाव पुढे हाकारत नाहीत आणि पालखीही त्या दारात थांबत नाही. हा आपला तिसरा.

म्हणून मी बाळाला सांगून ठेवलं होतं, यंदा माझी नात येणार, ती म्हणेल. तो म्हणाला, "चेडू?" मी म्हटलं, "अमेरिकेत चलता, तुमका काय झाला?" तो गप्प बसला. गप्प म्हणजे होय.

मग तुझा फोन आला.

नावं हाकारायच्या संध्याकाळी मी मांडावर गेले ते नुसतं सांगायला, की बाबा, येत नाही ती, आमचं नाव घेऊ नको, हसं होईल. पण मी पोचेपर्यंत हाका सुरू झाल्या होत्या. अक्षया, माणसं किती थोडी होती काय सांगू! मालवणचा एक मुलगा बातमीसाठी मोबाईलवर चित्र घेत होता, तोही खुर्च्यांचंच. बाळा नाव हाकारायचा आणि थांबायचा. वरच्या वाड्याला कुलूप. विहिरीकडचे मुंबईला. त्याला ठाऊक आहे कोणी नाही, तरी थांबायचा. मग पुढचं नाव.

"फणसाखालचां घर!"

तो थांबला. माझ्याकडे बघत नव्हता, फणसाच्या दिशेने बघत होता. आणि मी म्हणाले, "आसंय."

वाडीतल्या ओमकारचे काका म्हणाले, "बाईमाणूस?" बाळा म्हणाला, "मगे कुलपांका इचारू?" आणि पुढचं नाव हाकारलं.

दुसऱ्या दिवशी पालखी आली आपल्या दारात! ढोल वाजला, मी पाट मांडला, ओटी भरली. खापरोळ्या सगळ्यांना पुरल्या. पीठ भिजवलेलंच होतं, नारळाचा रसही गुळाचा, तुला आवडतो तसा. म्हणजे आपलं सहज भिजवलं होतं. बाळाने चार खाल्ल्या आणि म्हणाला, "नातीच्या वाटणीच्यो खातंय, तिका सांग." त्या मुलाच्या बातमीत मी आहे. पाठमोरी. शर्मिला पाठवील.

पालखी गेल्यावर अंगण झाडलं. गुलाल झाडला नाही, राहू दे म्हटलं. खाटेवर नवीन गोधडी घातली होती, ती तशीच आहे. मांजर तिथे झोपत नाही. मी झोपू देत नाही.

आता तुझ्या त्या वरच्या सभेत तुझं नाव हाकारतील तेव्हा मोठ्याने बोल. खोली रिकामी असली तरी.

आपलं नाव आता पुढल्या शिमग्यालाही हाकारतील. बाळा फणसाकडे बघून थांबेल. जमलं तर तू ये. नाही जमलं तर,

आसंय.

तुझी आजी,
सुगंधा