पांढरं दिसणारं हाड

आप्पा, तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. मी अजून हाडांवरच काम करते. तुम्ही विचारायचात, "दिवसभर काय करतीस माय तिथं?" आणि मी "अभ्यास" एवढंच सांगून सुटायचे. आज नीट सांगते. शहरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी मोडलेल्या हाडातली पोकळी भरायची पूड तयार करते. तिच्यात मुख्य कॅल्शियम, आणि जोडीला थोडं स्ट्रॉन्शियम. हा धातू म्हणजे कॅल्शियमचा भाऊबंदच, त्यामुळे शरीर त्याला थेट हाडात नेऊन बसवतं. बेतानं असेल तर हाड बांधणाऱ्या पेशी जोमानं कामाला लागतात, झिजवणाऱ्या मंदावतात आणि मोडलेलं लवकर भरून येतं. जास्त झालं तर मात्र हाड नुसतं वाढतं, आतून घट्ट होत नाही.

वेरूळच्या डोंगराखाली आपण मेंढरं बसवली होती, तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. एका कोकराचा पुढचा पाय दगडांत अडकून मोडला आहे. तुम्ही ते मांडीवर घेता, डोळे मिटता आणि बोटांनी पाय चाचपत वर येता. "हितं हाय," म्हणता आणि माझं बोट धरून तिथं टेकवता. आत काहीतरी कुरकुरतं, मी हात मागं घेते. मग बांबूच्या कामट्या लावून, चिंध्यांनी पाय आवळून बांधता. पाचव्या दिवशी मी ती पट्टी गुपचूप सोडून पाहिली, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर हात उगारलात. मारलं नाहीत. "नुसतं बघून काय कळणार हाय तुला? त्यो पाय भुईला टेकू दे, भार घेऊ दे. मग म्हन जुळलं." महिन्याभरानं ते कोकरू जरा लंगडत, पण कळपाबरोबर डोंगर चढलं.

गेल्या हिवाळ्यात सशांवरचा माझा प्रयोग संपला. काही सशांच्या हाडात साधी पूड भरली होती, काहींच्या थोड्या स्ट्रॉन्शियमची, काहींच्या जास्त. एक्स-रे लावले तर जास्तवाल्यांचं हाड सगळ्यांत पांढरं, भरगच्च. माझे गाइड सर खुर्चीतून उठलेच. "बस, यही चाहिए था!" पण स्ट्रॉन्शियम कॅल्शियमपेक्षा जड असतं, आप्पा. ते क्ष-किरण जास्त अडवतं, म्हणून हाड असतं त्याहून पक्कं दिसतं. मी तीच हाडं यंत्राखाली दाबून पाहिली. थोड्या मात्रेची सगळ्यांत जास्त टिकली. ती पांढरी सगळ्यांआधी चेपली.

"दाबायची चाचणी या गटाची कशाला दाखवायची?" सर म्हणाले. "एक्स-रे बोलतोय ना."

"एक्स-रे फसवतोय, सर."

"पीएचडी वर्षभर लांबेल तुझी."

"लांबू द्या."

"मग माझी सही विसर."

विभागातल्या सगळ्यांसमोर मी तिन्ही गट दाखवले, चेपलेल्या हाडांच्या फोटोंसकट. सर पहिल्या रांगेत मान खाली घालून चष्मा पुसत होते. पुढे पंधरा दिवस ते लॅबकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी स्वतः लॅबमध्ये आले, भिंगाखाली ते तुकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "मात्रा कमी करून पुन्हा करू. ही पूड उद्या कुणाच्या मांडीत भरली असती आपण." नव्या प्रयोगाच्या कागदावर सही त्यांनीच केली. सोमवारपासून नवे ससे येतायत. माझ्यामागून आलेली मुलं डॉक्टर होऊन गेली, मी एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतेय. करणारच. पुन्हा चुकलं तर तेही मांडून दाखवणार.

लोक म्हणतात हा हट्ट बापाचा. मी नुसती हसते. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. तुमचा खुबा मोडून सळई टाकली, त्यानंतर दोन महिन्यांनी सरकारी दवाखान्याच्या खिडकीशी मी तुमचा एक्स-रे धरून उभी होते. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, अजून जुळलेलं नाही, पाय टेकवू देऊ नका. तुम्ही खाटेला कंटाळला होतात. "काय दिसतंय माय?" तुम्ही विचारलंत. तुमचा तो चेहरा मला बघवेना. मी म्हणाले, "जुळतंय, आप्पा. जुळलंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला हाक न मारता तुम्ही उभे राहिलात. पडलात, सळई वाकली, आणि पुन्हा उठला नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगायचात, "माझीच घाई नडली, दुसऱ्या कुनाचा दोष नाय." मी उशाशी बसलेली असायचे, आप्पा, आणि तुम्हाला तसं म्हणू द्यायचे.